विहिरीतलं पाणी उपसायची घाई का नको
खोल मैलापाणी पंपिंग स्टेशन बांधून घेणाऱ्यांसाठी

असं स्टेशन म्हणजे जमिनीत उतरवलेली काँक्रीटची गोल विहीर. काम पाहायला आल्यावर सगळ्यात आधी हेच विचारलं जातं: विहीर पाण्यानं भरलेली असताना खोदाई कशी चालते, आणि पंप लावून ती कोरडी का करत नाही? भुसभुशीत, पाणथळ जमिनीत ते पाणीच तळ दाबून धरतं, म्हणून.

समजा, विहिरीचा तळ 12 मीटरवर आहे. त्याखाली 3 मीटर चिकणमाती आणि मग पाण्यानं भरलेली वाळू. वाळूतल्या पिझोमीटरमध्ये (पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळीत) पाणी जमिनीखाली 1 मीटरपर्यंत चढतं. म्हणजे मातीच्या थराला खालून दर चौरस मीटरला 14 टन रेटा बसतो. थराचं स्वतःचं वजन जेमतेम 5.7 टन. कोरड्या विहिरीत हा तळ फुगतो, फुटतो, वाळू उकळत वर येते आणि आजूबाजूची जमीन, कधी शेजारची इमारतही, खचते. विहिरीत बाहेरच्या पातळीइतकं पाणी ठेवलं की त्याचे 11 टन मिळून 16.7 टन होतात आणि तळ जागेवर राहतो.

हीच वाळू 12 मीटरवर थांबवलेल्या, माती तपासण्याच्या बोअरमध्ये दिसणारच नाही. म्हणून बोअर तळाच्या बऱ्याच खाली न्यायला सांगा, आणि पाण्याची पातळी सगळ्यात वर असते त्या दिवसांतलं मोजमाप मागा. या खर्चात काटकसर करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आरसीसीची गोल भिंत जमिनीवर टप्प्याटप्प्यानं ओतून, खालच्या कडेला माती कापणारी पोलादी धार (कटिंग एज) बसवून, आतली माती ग्रॅबनं (यांत्रिक पंजानं) काढत ती स्वतःच्या वजनानं उतरवली जाते. बाहेरचं घर्षण कमी करायला बेंटोनाइट (पाण्यात कालवलेली निसरडी माती) सोडतात. कडेखाली एका बाजूला दगड आणि दुसरीकडे चिखल आला की विहीर कलते. कल पहिल्या तीन-चार मीटरांतच काढावा, उंच राहिलेल्या बाजूची माती जास्त काढून. खोल गेल्यावर ती सहज सरळ होत नाही. मधली माती कडेच्या फार खाली खणली तर विहीर एकदम धसकते, म्हणून चारही बाजूंच्या पातळ्या रोज घ्याव्यात.

ठरलेली खोली गाठल्यावर पाणबुड्या कडेखालचा गाळ आणि तळाचं काँक्रीट अडकून बसावं म्हणून भिंतीत ठेवलेली खाच तपासतो. मग ट्रेमी पाइपनं (वरून तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या नळीनं) पाण्याखालीच तळाचं काँक्रीट ओततात. पाइपचं टोक ताज्या काँक्रीटमध्ये निदान मीटरभर बुडालेलं हवं आणि ओतणं मध्येच थांबता कामा नये, नाहीतर सिमेंट धुऊन जातं आणि पाणी नेमकं तिथूनच फुटतं. काँक्रीटनं पुरेशी ताकद धरल्याचं चाचणीत दिसल्यावरच उपसा, तोही हळूहळू.

उपशानंतर दुसरा धोका विहीर तरंगण्याचा. बाहेरचा व्यास 8 मीटर, खोली 12 मीटर आणि पाणी जमिनीपर्यंत चढलेलं असेल, तर वर उचलणारा जोर सुमारे 603 टन. 60 सेंमी जाडीची भिंत आणि दीड मीटरचा तळ मिळून साधारण 549 टनच भरतात, म्हणजे विहीर उचलली जाऊ शकते. आतला व्यास कमी करून भिंत 80 सेंमी केली की वजन 659 टन होतं. 25 सेंमी जाड वरचा स्लॅब आणखी 31 टन देतो. जोराच्या निदान 1.1 पट वजन हवं, म्हणजे 663 टन, आणि ते स्लॅब पडल्यावरच पुरं होतं. तोवर आतलं पाणी पूर्ण काढू नये. मातीचं घर्षण आम्ही या हिशेबात धरत नाही, बेंटोनाइटनं ते आधीच कमी केलेलं असतं.

शेवटी येणाऱ्या पाइपचा जोड. विहीर आणि भोवतालचा भराव सारखे खचत नाहीत, त्यामुळे भिंतीत घट्ट बसवलेला लांब पाइप भिंतीलगतच तुटतो. भिंतीजवळ एक लवचीक जोड, मग मीटरभराचा छोटा तुकडा आणि पुन्हा लवचीक जोड द्यावा. पाइपसाठी भिंतीला भोक पाडण्याआधी बाहेरची माती ग्राउटनं (दाबानं आत भरलेल्या पातळ सिमेंटनं) घट्ट करून घ्यावी.