सीबीसी नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करू नका

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर. मिरजेला दवाखान्यात पेशंट येतो तो बऱ्याचदा भलत्याच कामासाठी, हर्नियाचं ऑपरेशन नाहीतर डाव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणून, आणि रक्त तपासलं की पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत असायच्या त्या लाख-दीड लाख निघतात. मग इमॅटिनिब म्हणजे या आजाराची गोळी सुरू, साधारण रोज ४०० मिलिग्रॅम, आणि दोन-तीन महिन्यांत सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची साधी टेस्ट) बघावी तर चकाचक. घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल हाय की, आता गोळी कशाला?" खरा घोळ इथंच होतो.

सीबीसी पेशी मोजते, बिघाड मोजत नाही. बिघाड असा की पेशीतल्या ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे (जीन ज्यावर असतात त्या धाग्यांचे) तुकडे अदलाबदल होतात (अमेरिकन शास्त्रज्ञ जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं) आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचा जोडजीन तयार होतो जो पेशीला वाढ वाढ म्हणत बसतो. पीसीआर नावाची रक्ताची टेस्ट याच जीनचा आरएनए, म्हणजे जीनवरून पेशीत निघणारी नक्कल, शोधते, लाखभर पेशींत एखादी बिघडलेली असली तरी सापडू शकते. रिपोर्टवर या बीसीआर-एबीएलचे टक्के येतात: तीन महिन्यांनी १० च्या आत, सहा महिन्यांनी १, वर्षाने ०.१, असं उतरत गेलं की गाडी रुळावर. ०.०४ चं ०.०६ झालं तर झोप उडवून घेऊ नका, एवढा फरक टेस्टमध्येच पडतो. ०.०५ वरून एकदम ०.८ झालं तर मात्र टेस्ट परत करतात, आणि डॉक्टर आधी विचारतात गोळ्या चुकल्या का, तिथं खरं सांगा बाबांनो, नाहीतर म्युटेशनची (जीनमध्ये नवा बदल होऊन गोळी लागू पडेनाशी झालीय का ते बघायची) महागडी टेस्ट उगाच मागे लागते.

गोळी बंद करतात, नाही असं नाही. पण बरीच वर्षं गोळी घेतलेली, आकडा निदान दोन वर्षं ०.०१ च्या खाली टिकलेला, आणि बंद केल्यावर सुरुवातीला जवळपास दर महिन्याला पीसीआर. तरी साधारण निम्म्या लोकांत आजार परत डोकं काढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी लगेच सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो.

अजून एक, लॅब बदलत राहू नका आणि रिपोर्टवर आयएस म्हणजे इंटरनॅशनल स्केल लिहिलंय का बघा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. सॅम्पल पुण्या-मुंबईला जाणार असेल तर शनिवारी दुपारी देऊ नका, रविवारभर पडून राहिलं की आरएनए खराब होतो.