घाटातली गाडी कोणाच्या सहीवर विश्वास ठेवेल?

पावसाळी रात्री कशेडी घाटात वळणापलीकडे ट्रक बंद पडला असेल, तर तो दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. गाड्यांनी रेडिओवरून थेट एकमेकींना जागा, वेग आणि दिशा कळवायची, हा त्यावरचा उपाय. सेकंदाला १० वेळांपर्यंत असा संदेश जातो. त्यासाठी मोबाइलच्या टॉवरची गरज नसते.

पण कोणी खोटाच संदेश सोडला तर? म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते आणि ती खरी असल्याचे प्रमाणपत्र सोबत जाते. प्रमाणपत्र कायम एकच ठेवले, तर रस्त्याकडेला रेडिओ लावून बसलेल्या कोणालाही गाडीचा माग काढता येईल. त्यामुळे मालकाचे नाव नसलेली, अल्पमुदतीची प्रमाणपत्रे आलटून पालटून वापरतात.

इथवर अमेरिका आणि युरोप यांचे एकमत आहे. युरोपातल्या प्रमाणपत्राचा साचाही अमेरिकेच्या आयईईई १६०९.२ या मानकावरच बेतलेला आहे. फरक पडतो तो व्यवस्थेत. अमेरिकी आराखड्यात आठवड्याला साधारण २० प्रमाणपत्रे मिळतात आणि ३ वर्षांचा साठा आधीच गाडीत भरता येतो; गाडी लबाड निघाली, तर तिची खूण काळ्या यादीत घालून सगळ्यांना कळवतात. युरोपात आठवड्याला १०० पर्यंत चालतात, पण साठा फार तर ३ महिन्यांचा. लबाड गाडीला नवी प्रमाणपत्रे द्यायचीच नाहीत, हा तिथला मार्ग. चीनमध्ये सहीचे गणितच वेगळे, एसएम२ नावाचे. ते गणित न येणाऱ्या यंत्रणेला तिथली सही पडताळता येत नाही.

आपल्याकडे एआयएस-१४० मानकाचे, गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र सार्वजनिक प्रवासी वाहनांत बसते, पण ते नियंत्रण केंद्राला माहिती देते, मागून येणाऱ्या गाडीला नाही. गाड्यांच्या आपसातल्या बोलण्याचे नियम ठरवताना कोकणचा रस्ता डोळ्यांसमोर असावा, असे मला मनापासून वाटते. ज्या घाटात रेंज जाते, तिथे मोठा साठा सोयीचा. पण काळी यादीही तिथे वेळेवर पोहोचणार नाही. शिवाय मध्यरात्री रस्त्यावर एकच गाडी असेल, तर तिने प्रमाणपत्र बदलूनही ती लपत नाही. गणपतीच्या गर्दीत लपेल. बदलताना काही क्षण संदेश थांबवले, तर माग तुटू शकतो; मात्र भोस्ते घाटाच्या वळणावर ते क्षण गप्प राहणे जिवावर बेतेल. सरळ, मोकळा रस्ता लागेपर्यंत प्रमाणपत्र बदलू नये, ही अट भारतीय मानकात हवीच.