६६०० आणि ६६०० स्लाइड : नंबर एक, घराणी दोन

गेल्या महिन्यात तासगावहून मावसभावाचा फोन आला. "दादा, कपाटात बाबांचा नोकिया ६६०० सापडलाय. त्यात आजोबांचे गणपतीच्या रथाचे फोटो आहेत, तेवढे काढून दे." काकांचा तो फोन मला पक्का आठवत होता. सांगलीत मारुती रोडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रॉवर उपसून मी जाड पिनचा चार्जर काढला, बीएल-५सी बॅटरी चार्ज करून ठेवली, मोठं एमएमसी मेमरी कार्ड वाचणारा जुना रीडर पुसून टेबलावर मांडला. रविवारी भाऊ आला आणि त्यानं पिशवीतून जो फोन काढला, त्याला यातलं काहीच चालणार नव्हतं. तो ६६०० स्लाइड होता.

त्याची चूक म्हणता येणार नाही. दोन्ही नोकियाचे, दोघांच्या नावात तोच आकडा, दोन्ही कॅमेऱ्याचे. जुने फोन विकणारे लोकही सर्रास एकाचं वर्णन लिहून दुसऱ्याचा फोटो टाकतात. पण हे दोन फोन आतून इतके वेगळे आहेत की एकाचं ज्ञान दुसऱ्याला लावलं तर घरातले फोटो कायमचे जाऊ शकतात. म्हणून दोघांना शेजारी ठेवून नीट सांगतो.

पहिला, नुसता ६६००, जून २००३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आला. १२२ ग्रॅम वजन, जवळजवळ २४ मिलिमीटर जाडी, खाली गोलाकार, हातात धरला की नवी साबणाची वडी धरल्यासारखा. दुसरा, ६६०० स्लाइड, पाच वर्षांनी २००८ मध्ये आला. तळहातात मावेल एवढा, स्टीलचा, वरचा भाग सरकवला की खालून कीपॅड बाहेर येणारा. त्याच वेळी ६६०० फोल्ड नावाचा घडीचा फोनही आला होता. कंपनीनं गाजलेल्या नंबराचं नाव नव्या देखण्या जोडीला दिलं, गोंधळ तिथूनच सुरू झाला.

आता कॅमेरा, कारण लोक फोन तिथूनच ओळखू पाहतात. जुन्या ६६०० चा कॅमेरा व्हीजीए, म्हणजे ६४० गुणिले ४८०. गुणाकार केला तर ३,०७,२०० ठिपके, आजच्या भाषेत ०.३ मेगापिक्सेल. फ्लॅश नाही, फोकस ठरलेला, व्हिडिओ बोटाच्या पेराएवढा आणि मूळ सॉफ्टवेअरमध्ये फक्त दहा सेकंदांचा. स्लाइडचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा. जुन्याच्या दहापट ठिपके, वर ऑटोफोकस, एलईडी फ्लॅश आणि व्हिडिओ कॉलसाठी पुढे दुसरा छोटा कॅमेरा. फोटोपुरतं बोलायचं तर स्लाइड सरळ जिंकतो. स्क्रीनही त्याचाच चांगला: जुन्याचा १७६ गुणिले २०८ आणि ६५,५३६ रंगांचा, स्लाइडचा २४० गुणिले ३२० आणि १ कोटी ६० लाख रंगांचा. जुन्यात ३जी नाही, एफएम रेडिओसुद्धा नाही. स्लाइडमध्ये दोन्ही.

आणि तरीही दोघांपैकी स्मार्टफोन आहे तो जुनाच. स्लाइड स्मार्टफोन नाही.

ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवायला मला नेहमी वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात कॅमेरा चांगला म्हणजे फोन 'स्मार्ट' असं बसलंय. खरा फरक आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. जुन्या ६६०० मध्ये सिम्बियन ७.० एस आहे आणि त्यावर नोकियाचा सिरीज ६० हा थर, म्हणजे मेनू आणि पडद्यावर दिसणारं सगळं. सिम्बियनचं मूळ फोनमध्ये नाहीच. सायन नावाची ब्रिटिश कंपनी खिशात मावणारे छोटे संगणक बनवायची, त्यांच्यासाठी तिनं एपॉक ही सिस्टिम लिहिली होती. १९९८ मध्ये सायननं फोन कंपन्यांना बरोबर घेऊन सिम्बियन कंपनी काढली आणि तीच सिस्टिम फोनमध्ये आली. म्हणजे ६६०० हा आधी हातातला संगणक आणि मग त्याला जोडलेला फोन. स्लाइडमध्ये आहे सिरीज ४०, नोकियाचं साध्या फोनसाठी बनवलेलं स्वतःचं सॉफ्टवेअर. तो मुळातच फोन, त्याला कॅमेरा, रेडिओ, इंटरनेट एकेक करून जोडत नेलेलं.

वापरताना हा फरक कुठे दिसतो, ते काकांच्याच उदाहरणानं सांगतो. काका बेदाण्याचे व्यापारी. सौद्याच्या दिवसांत काही नंबरांवरून त्यांना इतके फोन यायचे की कामाचा फोन लागायचाच नाही. २००५ च्या सुमारास मी त्यांच्या ६६०० मध्ये एक छोटं सॉफ्टवेअर घालून दिलं. ठरावीक नंबरांचा फोन आला की ते परस्पर कापायचं, काकांच्या फोनची रिंगही वाजायची नाही. पुढे त्यांनी स्लाइड घेतला. दुकानदारानं "६६०० चंच नवीन मॉडेल आहे" म्हटलं आणि त्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, "ते फोन कापणारं यात टाक." मला नाही म्हणावं लागलं. जुन्यात .एसआयएस फाईल चालायची. तिच्यातला प्रोग्राम थेट सिम्बियनशी बोलतो, पडद्यामागे चालू राहतो, येणाऱ्या फोनमध्ये हात घालू शकतो. स्लाइडमध्ये चालतात जावाच्या .जार फाईली. त्यांना फोननं कुंपण घालून दिलेलं असतं. गेम खेळा, हिशेब करा, इंटरनेटवर जा, पण येणाऱ्या कॉलला हात लावायचा नाही. काकांचा चेहरा मला अजून आठवतो. महाग, नवा, देखणा फोन आणि जुन्याचं रोजचं काम त्याला येईना.

हा मोकळेपणा जुन्या ६६०० ला अंगाशीही आला. जून २००४ मध्ये काबीर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच्या नकला पसरवणारा व्हायरससारखा प्रोग्राम, सापडला. मोबाईलवर पसरणारा तो पहिला वर्म मानला जातो आणि त्याचं लक्ष्य सिरीज ६० चे फोनच होते. ब्लूटूथ चालू असलेल्या जवळच्या फोनकडे तो स्वतःची एसआयएस फाईल पाठवायचा, समोरच्यानं 'येस' दाबत नेलं की तिथे बसायचा आणि पुढचा फोन शोधत राहायचा. बॅटरी त्या शोधातच संपायची. संगणकासारखं काम करणाऱ्या यंत्राला संगणकासारखाच रोग होणार. स्लाइडला यातली काहीच भीती नव्हती, कारण असा प्रोग्राम आत घ्यायची सोयच त्यात नव्हती.

बाहेरच्या रूपावरून घराणं ओळखायला जाल तर फसाल. नोकियाचा पहिला अंगचा कॅमेरा असलेला फोन ७६५०, तोच सिरीज ६० चाही पहिला फोन. २००२ मध्ये बाजारात आला आणि तो होता सरकवायचा! म्हणजे सरकवायचा फोन असून पुरा स्मार्टफोन. सिरीज ६० ची सुरुवातच स्लाइडनं झाली आणि नंतर ६६०० नं ती वडीच्या आकारात घरोघर नेली.

मग हातात आलेला फोन ओळखायचा कसा? मी सगळ्यात आधी कीपॅड बघतो. जुन्या ६६०० वर एक पेन्सिलीची खूण असलेलं बटण आहे, ते दाबून धरून मजकूर किंवा फोटो निवडायचे. स्लाइडवर पेन्सिल नाही. फोन चालू होत असेल तर मेनूचं बटण दाबून धरा. जुन्यात उघडी असलेली सगळी ॲप्स एका पट्टीत दिसतात आणि एकातून दुसऱ्यात उडी मारता येते. मेसेज अर्धा ठेवून कॅलेंडर बघून परत यायचं, ही गंमत २००३ मध्ये फार थोड्या फोनांत होती. चार्जरचं भोक हा बंद फोनसाठी सोपा उपाय: जुन्याला जाड पिन, स्लाइडला बारीक पिन. मागचं झाकण काढलंत तर जुन्यात बीएल-५सी बॅटरी, स्लाइडमध्ये बीएल-४यू. बीएल-५सी आजही कुठल्याही गावात मिळते, कारण बाजारातल्या छोट्या एफएम स्पीकरमध्ये तीच बसते. बॅटरीखालच्या स्टिकरवर 'टाइप' पुढे एनएचएल-१० असेल तर तो अस्सल ६६००. बॉडीवर विश्वास ठेवू नका. आमच्या धंद्यात ६६०० च्या बॉड्या किती वेळा बदलल्या गेल्या त्याला गणती नाही.

दोघांची दुखणीही वेगळी. ६६०० येतो तो जॉयस्टिक मेली म्हणून. पडद्याखालची ती छोटी दांडी चार बाजूंना हलते आणि मध्ये दाबली जाते. आत धूळ गेली की आधी 'खाली' जायचं बंद होतं, मग मधलं दाबणं. मेनूतलं सगळं तिच्यावर चालत असल्यानं धडधाकट फोन निकामी वाटायला लागतो. थोडं सफाईचं द्रावण आणि धीर, बरेच वेळा एवढ्यानं भागतं. सरकवायच्या फोनचं मरण मात्र त्याच्या सरकण्यातच असतं. वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी फ्लेक्सची, म्हणजे वाकणाऱ्या पातळ वायरिंगची पट्टी प्रत्येक उघडझापीला वाकते. हजारो वेळा वाकली की तिच्यातली एखादी रेघ तुटते आणि फोन उघडला की पडदा पांढरा, मिटला की परत चित्र. भावानं आणलेल्या फोनला नेमकं हेच झालं होतं.

फोटो काढताना फरक सगळ्यात जास्त नडतो. ६६०० ची स्वतःची मेमरी फक्त ६ एमबी, आणि मेमरी कार्ड जुनं मोठं एमएमसी, बोटाच्या नखापेक्षा बरंच मोठं. मूळ डब्यात ३२ एमबीचं यायचं, तेव्हा ते भरपूर वाटायचं. या कार्डाला फोनमधूनच पासवर्ड लावता यायचा. लावलेला असेल तर संगणक कार्ड उघडणारच नाही, आधी फोनमध्ये घालून पासवर्ड काढावा लागतो. स्लाइडमध्ये मायक्रोएसडी, ते आजच्या कुठल्याही रीडरमध्ये जातं. कार्डात काही नसेल तर फोटो फोनच्या मेमरीत असतात आणि ते ब्लूटूथनं एकेक करून पाठवावे लागतात. इथे एक कळकळीची विनंती. फोन अडकला म्हणून कुणी "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हटलं, तर आधी फोटो बाहेर काढून घ्या. ६६०० वर *#७३७०# दाबून १२३४५ हा कोड दिला की फोनची मेमरी कोरी होते. माझ्यासमोर एका बाईंचा फोन असा दुसरीकडून कोरा होऊन आला होता. त्यात त्यांच्या मुलाचं बारसं होतं. काहीही करता आलं नाही.

फोन नुसता वापरायचा असेल तर दोन्ही अजून बोलतात, कारण आपल्याकडे २जी चालू आहे. जिओचं सिम मात्र दोन्हीत चालत नाही, ते नेटवर्क फक्त ४जी आणि त्यापुढचं. नॅनो सिमला अडॅप्टर लागेल.

भावाच्या स्लाइडची पट्टी मी बदलली. फोटो निघाले, छान निघाले. बेदाण्याचं शेड, रॅकवर सुकत टाकलेली द्राक्षं, मावशीचा हळदीकुंकवाचा घोळका, सगळं स्वच्छ. पण आजोबा कुठेच नव्हते. असणार कसे? आजोबा गेले २००७ मध्ये आणि हा फोन बाजारात आला २००८ मध्ये. मी भावाला तेवढंच सांगितलं, "हा नव्हे, जाड असणार बघ, दुसरा कुठेतरी असेल." आठवड्यानं तो माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात सापडला, बिलांच्या गठ्ठ्याखाली, बॅटरी फुगून झाकण उचललेलं.

यावेळी काका स्वतः आले. चार्ज करून ठेवलेली बीएल-५सी घातली, बटण दाबून धरलं, आणि पडद्यावर एकमेकांकडे येणारे ते दोन हात दिसले. कार्डाला पासवर्ड नव्हता. रथाचा फोटो संगणकावर उघडला तेव्हा त्यानं पडद्याचा जेमतेम कोपरा व्यापला. ऋषिपंचमीची दुपार, गुलालानं सगळं चित्रच लाल, रथाचा दोर माणसांच्या गर्दीत शिरलेला. मोठा करायला गेलो तर चेहऱ्यांचे चौकोन झाले. मी परत लहान केला. काका खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिले, मग दोराच्या डाव्या बाजूला एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे अण्णा," म्हणाले. "दोर असा खांद्यावरून घेणारे ते एकटेच होते."