ऑपेरा हाऊस आणि कॉन्सर्ट हॉल: घुमणारा सूर, ऐकू येणारा शब्द

वेरूळच्या दहाव्या लेण्यात स्तूपासमोर उभे राहून एखादा सूर लावला, तर तो कमानदार छताखाली काही क्षण घुमत राहतो; तेथेच भराभर चार वाक्ये बोलली, की शब्दावर शब्द चढतो आणि अर्थ हरवतो. कॉन्सर्ट हॉल आणि ऑपेरा हाऊस यांच्या रचनेतील फरक समजून घ्यायला एवढा अनुभव पुरेसा आहे.

कॉन्सर्ट हॉलमध्ये वादकवृंद आणि श्रोते एकाच दालनात बसतात, मध्ये पडदा नसतो, आणि सूर सुमारे दोन सेकंद रेंगाळावा अशी योजना असते. ऑपेरा हे गाऊन सादर केलेले नाटक असल्यामुळे तेथे शब्दही कळावे लागतात, म्हणून हा अवधी कमी ठेवतात. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात असतात, साधारण त्याच जागी ऑपेरात साठ-सत्तर वादकांसाठी खोल खड्डा असतो. शिवाय प्रशस्त विंगा आणि अख्खे पडदे वर ओढून घेणारा उंच मनोरा लागतो. स्नोहेट्टा संस्थेने रचलेल्या, 2008 साली उघडलेल्या ऑस्लोच्या ऑपेरा हाऊसमध्ये हा मनोरा उतरत्या पांढऱ्या छतातून सरळ वर आलेला दिसतो. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीला (2017) तो नाही, कारण तो कॉन्सर्ट हॉल आहे.

खरा घोटाळा सिडनीत आहे. डॅनिश वास्तुविशारद योर्न उत्सोन यांच्या 1957 च्या विजेत्या आराखड्यात मोठे सभागृह ऑपेरा आणि वाद्यवृंद या दोहोंसाठी होते. 1966 मध्ये ते काम सोडून गेले. पुढे ते सभागृह केवळ संगीतासाठी ठरले, बसवलेली रंगमंचयंत्रणा उखडण्यात आली आणि ऑपेराची रवानगी धाकट्या सभागृहात झाली, जेथे वादकांचा खड्डा अपुरा पडला. म्हणजे 1973 साली उघडलेल्या ऑपेरा हाऊसमधील सर्वांत मोठे दालन ऑपेराचे नाहीच! नव्या वापराचा जाच त्या दालनालाही झाला. छत इतके उंच राहिले की मंचावरील वादकांना एकमेकांचे वादन नीट ऐकू येईना, म्हणून आवाज खाली परतवण्यासाठी डोक्यावर ॲक्रिलिकची (पारदर्शक प्लास्टिकची) गोल कडी टांगावी लागली. 2022 मध्ये ती काढून त्यांच्या जागी पाकळ्यांच्या आकाराचे ध्वनिपरावर्तक बसवण्यात आले.