महाविद्यालयीन समुपदेशन : कारणांमागची चार दशके

महाविद्यालयातील समुपदेशकाकडे येणारा विद्यार्थी सुरुवातीला सहसा ‘झोप लागत नाही’ किंवा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढेच सांगतो. बोलणे पुढे सरकले की राहिलेल्या केट्या (नापास झालेले, पुढच्या वर्षात सोबत न्यावे लागणारे विषय), इयर डाऊनची (वर्ष वाया जाण्याची) भीती, शुल्कासाठी घरच्यांनी काढलेले कर्ज, तुटलेले प्रेमसंबंध, वसतिगृहातील एकटेपणा अशा गोष्टी बाहेर येतात. प्रेमभंग जुनाच आहे. बाकीच्या कारणांना मात्र महाराष्ट्रात अलीकडचा इतिहास आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. मोजक्या सरकारी जागांमुळे ज्यांना हे शिक्षण दुरापास्त होते, त्यांच्यासाठी दार उघडले, पण खर्चाचा भार कुटुंबावर पडला; आणि तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून पुण्यात आलेल्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तके, खोलीचे भाडे आणि घरच्यांच्या अपेक्षा हे सारे पहिल्याच सत्रात पेलावे लागू लागले. शुल्कासाठी शेत गहाण पडले असेल, तर नापास होणे ही त्याची एकट्याची बाब राहत नाही.

या ताणात छळाचीही भर पडते. रॅगिंगविरोधी कायदा राज्याने १९९९ मध्येच केला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी विनियम २००९ मध्ये आले. जातीवरून होणाऱ्या छळाची चर्चा २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर तीव्र झाली.

मदतीची सोय बरीचशी महाविद्यालयांबाहेर उभी राहिली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली; टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा २०१२ पासून चालते. महाविद्यालयांत मात्र हे काम अनेकदा मेंटॉर म्हणून नेमलेल्या प्राध्यापकांवरच सोपवले गेले. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्यासमोर विद्यार्थी मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०२० चा ‘मनोदर्पण’ हा विद्यार्थ्यांना मानसिक आधार देणारा केंद्र सरकारचा उपक्रम आणि २०२२ ची ‘टेलिमानस’ (१४४१६) ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन हे त्यानंतरचे टप्पे होत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे आणि विद्यार्थी-समुपदेशक प्रमाण योग्य राखण्याचे निर्देश दिले. हे प्रमाण किती असावे, याचा आकडा मात्र त्या निर्देशांत नाही.