झेरॉक्सवरची काळी रेघ: काचेची की ड्रमची?

कॉपीवर वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ उमटली की ऑफिसात पहिला निकाल लागतो, "ड्रम गेला." ड्रम म्हणजे मशीनमधला कागदावर प्रतिमा उमटवणारा दंडगोल. बऱ्याचदा तो ठणठणीत असतो आणि दोष असतो फीडरखालच्या, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागाखालच्या, अरुंद काचेचा. दोन्ही रेघा दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीला ओलसर फडका पुरतो आणि दुसरीला काही हजार रुपये लागतात.

मशीनचं झाकण उघडा. मोठ्या काचेशेजारी एक अरुंद काचपट्टी दिसेल. मोठ्या काचेवर कागद स्थिर असतो आणि खालून दिवा सरकतो, म्हणून तिथल्या कणाचा कॉपीवर फक्त ठिपका येतो. फीडरमध्ये नेमकं उलट होतं. दिवा पट्टीखाली थांबतो आणि कागद वरून पळतो. पट्टीवरचा कण कागदाच्या प्रत्येक ओळीला आडवा येतो, आणि ठिपक्याची रेघ होते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून कॉपी काढा. रेघ गेली, तर दोष पट्टीचा. राहिली, तर कॉम्प्युटरवरून एक पान प्रिंट करा. प्रिंटमध्ये काच येतच नाही, त्यामुळे तिथेही रेघ असेल तर दोष छपाईच्या बाजूचा.

एका ऑफिसात सातबाऱ्याच्या कॉपीवर क्षेत्राच्या रकान्यातून रेघ जात होती. नवा ड्रम बसवला, तरी रेघ जागेवरच. मी पट्टीवरून नख फिरवलं तेव्हा मोहरीच्या दाण्याहून बारीक काहीतरी खरखरलं. वाळलेला व्हाइटनर होता तो. डोळ्यांना दिसत नव्हता. लोकांचे पैसे असे वाया गेलेले मला बघवत नाहीत.

पट्टी पुसताना पाणी किंवा स्पिरिट फडक्यावर घ्या, काचेवर ओतू नका. रेघ कॉपीवर जिथे येते त्याच सरळ रेषेत पट्टीवर शोधा. एकाच फेरीत दोन्ही बाजू वाचणाऱ्या फीडरमध्ये मागच्या बाजूसाठी दुसरी पट्टी आत असते. रेघ फक्त मागच्या पानावर आली तर तीही पुसा.

ड्रमची रेघ बहुधा त्याला साफ करणाऱ्या ब्लेडची धार तुटल्याने, ड्रमवर गोल ओरखडा पडल्याने किंवा ड्रमला विद्युतभार देणारा चार्ज रोलर मळल्याने येते. ठरावीक अंतराने तोच ठिपका येत असेल तर मोजपट्टी घेऊन अंतर मोजा: 30 मिमी व्यासाच्या ड्रमचा ठिपका साधारण 94 मिमीवर पुन्हा येतो. असा ड्रम बहुधा बदलावा लागतो. काढायचा झाला तर मशीन बंद करून काढा, पृष्ठभागाला बोट लावू नका, आणि बाहेर ठेवायचा तर काळ्या कागदात गुंडाळा, उजेडाने तो खराब होतो.

व्हाइटनर लावलेला कागद पूर्ण वाळल्याशिवाय फीडरमध्ये घालू नका. घाई असेल तर तो सरळ मोठ्या काचेवर ठेवा.