मॉडेल लहान झाले, पण शिकलेले टिकले का? एका पेटंट-प्रश्नाची पार्श्वभूमी

मशीन लर्निंगचे मॉडेल लहान करण्याच्या पद्धतीवर पेटंट मागितले की परीक्षकाकडून बहुधा दोन आक्षेप येतात. एक, हे गणित आहे आणि गणितावर पेटंट मिळत नाही. दोन, यातले बरेचसे आधीच प्रसिद्ध झाले आहे. मेमरीची बचत डोळ्यांसमोर दिसत असल्याने अर्जदाराला हे दोन्ही आक्षेप अन्यायाचे वाटतात. पण त्यांच्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचे खटले आहेत आणि तीन दशकांहून जास्त काळचे संशोधन आहे. हा इतिहास ठाऊक असलेला माणूस आपला अर्ज वेगळ्या रीतीने लिहितो, म्हणून तो नीट सांगायला हवा.

सुरुवात १९७२ पासून करावी लागते. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या गॅरी बेन्सन आणि आर्थर टॅबट यांनी ‘बायनरी कोडेड डेसिमल’ पद्धतीने लिहिलेले अंक शुद्ध द्विमान संख्येत बदलण्याची रीत शोधली होती. ‘गॉटशाल्क विरुद्ध बेन्सन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पेटंट नाकारले. ही रीत संगणकाशिवाय इतरत्र फारशी उपयोगाची नाही, तेव्हा पेटंट दिले तर मक्तेदारी थेट अल्गोरिदमवरच जाईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आजच्या क्वांटायझेशनकडे या नजरेने पाहा. ३२ बिटांत साठवलेली वेट्स, म्हणजे मॉडेलने शिकून ठरवलेले आकडे, ८ बिटांच्या पूर्णांकांत बसवणे म्हणजे वरवर पाहता संख्या लिहिण्याची रीत बदलणेच. बेन्सनचा निकाल या क्षेत्राच्या इतका जवळचा आहे.

१९७८ च्या ‘पार्कर विरुद्ध फ्लूक’ने तीच कठोर भूमिका पुढे नेली. १९८१ च्या ‘डायमंड विरुद्ध डीर’मध्ये मात्र दार किलकिले झाले. रबर साच्यात पक्के होताना तापमान सतत मोजायचे, तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा संबंध सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणाने वेळ पुन्हापुन्हा काढायची आणि योग्य क्षणी साचा उघडायचा, अशी ती पद्धत होती. समीकरण जुने होते, पण त्याच्या आधारे रबर नीट तयार होत होते. न्यायालयाने ही पद्धत पेटंटयोग्य ठरवली.

युरोपचा रस्ता थोडा वेगळा. १९७३ च्या युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५२ ने गणिती पद्धती आणि संगणक प्रोग्राम वगळले, पण फक्त ‘त्या स्वरूपात’ मागितले तर. त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळांची पुढची चाळीस वर्षे गेली. १९८६ च्या ‘व्हायकॉम’ निर्णयात डिजिटल चित्रावरची गणिती प्रक्रिया मान्य झाली, कारण त्या संख्या एका भौतिक गोष्टीच्या प्रतिमेच्या होत्या. २००२ च्या ‘कॉमविक’ निर्णयाने परीक्षकांच्या हाती रोजचे हत्यार दिले. दाव्यातला, म्हणजे संरक्षण नेमके कशावर हवे हे सांगणाऱ्या अर्जातल्या मजकुरातला, जो भाग तांत्रिक परिणामाला हातभार लावत नाही, तो कल्पकता मोजताना जमेस धरायचाच नाही. मॉडेल आकुंचनाच्या अर्जांवर युरोपात होणारी बहुतेक चर्चा याच चौकटीत होते.

इथे कोणी विचारेल की फायली लहान करण्याच्या पद्धतींना तर पूर्वी पेटंट मिळत होतेच. मिळत होते. एलझेडडब्ल्यू पद्धतीसाठी टेरी वेल्च यांच्या नावे १९८३ मध्ये अर्ज झाला, १९८५ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे ते युनिसिस कंपनीकडे आले. दरम्यान कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये हीच पद्धत जिफ चित्रांसाठी वापरली होती. १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काची गोष्ट जाहीर झाली तेव्हा एवढा क्षोभ उसळला की त्यातून पीएनजी हे नवे स्वरूप जन्माला आले. अमेरिकेतले ते पेटंट २००३ मध्ये संपले. युरोपीय कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही साठवण किंवा प्रसारण कार्यक्षम करणारे संकेतन हे तांत्रिक उद्दिष्ट मानले आहे. पण एलझेडडब्ल्यूने दाबलेली फाईल उलगडली की मूळ फाईल बिटन् बिट परत मिळते. काय वाचले आणि काय टिकले, यावर वाद उरत नाही. छाटलेल्या, म्हणजे काही वेट्स काढून टाकलेल्या, मॉडेलमधून मूळ मॉडेल परत मिळत नाही. हाती उरते ते दुसरेच मॉडेल, आणि माझ्या मते परीक्षणातली खरी अडचण या एका फरकात आहे.

आता संशोधनाची बाजू. १९८९ मध्ये यान लकन, जॉन डेन्कर आणि सारा सोला यांनी ‘ऑप्टिमल ब्रेन डॅमेज’ हा निबंध मांडला, तोही बेल लॅब्जमधूनच. कोणते वेट काढले तर चूक किती वाढेल याचा अंदाज दुसऱ्या अवकलजांवरून, म्हणजे चुकीच्या आलेखाच्या वक्रतेवरून, बांधायचा आणि कमी महत्त्वाची वेट्स काढून टाकायची, ही त्यातली कल्पना. हस्तलिखित अंक ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कचे पॅरामीटर त्यांनी सुमारे एक चतुर्थांशावर आणले. पाठोपाठ बाबाक हसिबी आणि डेव्हिड स्टॉर्क यांनी या सगळ्या दुसऱ्या अवकलजांचा तक्ता, म्हणजे संपूर्ण हेसियन मॅट्रिक्स, वापरणारी सुधारित पद्धत दिली. २००६ मध्ये बुचिला, कारुआना आणि निकुलेस्कू-मिझिल यांनी शेकडो मॉडेलांच्या समूहाचे वर्तन एका लहान नेटवर्कला शिकवून दाखवले. जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांनी हीच दिशा ‘डिस्टिलेशन’ नावाने पुढे नेली. गूगलने त्यावर २०१४ मध्ये प्राथमिक अर्ज केला होता आणि २०१९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले.

२०१५ हे वर्ष वळणाचे ठरले. सॉंग हान आणि सहकाऱ्यांनी ‘डीप कॉम्प्रेशन’मध्ये छाटणी, क्वांटायझेशन आणि हफमन संकेतन (वारंवार येणाऱ्या मूल्यांना छोटे संकेत देण्याची रीत) एकामागून एक लावले. चित्रे ओळखणारे २४० मेगाबाइटचे अलेक्सनेट हे नेटवर्क ६.९ मेगाबाइटवर आले, ५५२ मेगाबाइटचे व्हीजीजी-१६ हे ११.३ वर, आणि अचूकता घटली नाही. अभियंत्यांसाठी ही मोठीच गोष्ट होती. परीक्षकाच्या नजरेला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. छाटणी १९८९ पासून ठाऊक, हफमन संकेतन १९५२ चे, वेट्स कमी बिटांत बसवणेही नवे नाही. जाणकार माणसाने हे एकत्र जोडून पाहिले नसते का? हा प्रश्न आज प्रत्येक संकरित पद्धतीला विचारला जातो, आणि ‘अचूकता जास्त आली’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही. एका टप्प्यामुळे दुसऱ्या टप्प्याला अनपेक्षित मदत होते, हे दाखवावे लागते.

या क्षेत्रात निबंध आधी खुल्या संग्रहात टाकण्याची रीत आहे. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. आपलाच निबंध आपल्या अर्जाच्या आड येतो, आणि ते पाहताना वाईट वाटते.

२०१४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ‘अॅलिस’ खटल्यात ठरवले की अमूर्त कल्पना नेहमीच्या संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर पेटंटांची मोठी पडझड झाली. २०१६ च्या ‘एनफिश’ निकालाने थोडा आधार दिला. तिथे डेटाबेसची रचनाच सुधारली होती, शोध जलद होत होता, मेमरी कमी लागत होती. अपील न्यायालय म्हणाले की संगणकाच्या कामातली सुधारणा ही अमूर्त कल्पना नव्हे. मॉडेल लहान करणाऱ्यांना वाटले, हे तर आपलेच वर्णन आहे.

पण मेमरी कमी लागली एवढ्यावर भागते का? या प्रश्नावरचा सर्वांत नेमका निर्णय मला युरोपात दिसतो. मित्सुबिशीच्या अर्जावरचा टी ७०२/२० हा निर्णय नोव्हेंबर २०२२ मधला आहे. त्या नेटवर्कमध्ये सगळे न्यूरॉन (नेटवर्कचे छोटे गणनघटक) एकमेकांना न जोडता, प्रसारणातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या तपासणी मॅट्रिक्सनुसार मोजकेच जोडले होते. अर्जदाराचा युक्तिवाद सरळ होता: जोडण्या कमी, म्हणून मेमरी कमी, म्हणून तांत्रिक परिणाम. अपील मंडळाने मेमरी कमी लागते हे मान्य केले आणि तरीही युक्तिवाद फेटाळला. बदललेले नेटवर्क वेगळे आहे, ते तसेच शिकेल याची खात्री नाही. साठवण कमी, पण काम तेच नाही. मंडळाने टोकाचे उदाहरणही दिले: एकाच न्यूरॉनच्या नेटवर्कला सर्वांत कमी जागा लागते, पण गुंतागुंतीचे काही त्याला शिकता येणार नाही.

हा निर्णय अनेकांना कठोर वाटतो. मला तो न्याय्य वाटतो, कारण आकुंचनाचे संशोधन करणारेही एकमेकांना हेच विचारतात. लहान केल्यावर कोणत्या कामात, कोणत्या चाचणीवर, किती टिकले? ज्या अर्जात ही मोजणी आहे, दावा एका ठरावीक तांत्रिक कामाशी बांधलेला आहे आणि परिणाम दाव्याच्या जवळजवळ संपूर्ण व्याप्तीत विश्वासार्ह वाटतो, त्याची स्थिती निराळी असते.

दुसरा मार्ग यंत्राच्या अंतर्गत रचनेतून जातो. वेट शून्य केले म्हणजे मेमरी वाचली असे नाही. शून्येही जागा खातात, आणि ती वगळून साठवायचे तर उरलेल्यांचे पत्ते लिहावे लागतात. विस्कळीत छाटणीने नेहमीच्या प्रोसेसरवर वेगही फारसा वाढत नाही. एनव्हिडियाच्या २०२० च्या ए१०० चिपमध्ये दर चार वेट्सपैकी दोन शून्य ठेवण्याचा नमुना हार्डवेअरलाच समजतो आणि तेव्हा मॅट्रिक्स गुणाकाराची कमाल गती दुप्पट होते. संगणकाच्या आतल्या कारभाराचा विचार करून आखलेली पद्धत युरोपीय सूचनांनुसार तांत्रिक ठरू शकते. अर्जात हे तपशील असावेत. पुष्कळदा ते नसतात.

भारतीय कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(के) गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम वगळते. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रोग्रामसोबत नवे हार्डवेअरही मागितले होते. आकुंचनाच्या दृष्टीने ही अट उलटीच होती, कारण जुन्या, साध्या यंत्रावर मॉडेल चालावे यासाठीच तर ही खटपट. २०१७ मध्ये ती अट गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘फरीद अलानी’ प्रकरणात तांत्रिक परिणाम किंवा योगदान पाहण्यावर भर दिला.

२०२५ मध्ये अमेरिकेत दोन निर्णय काही महिन्यांच्या अंतराने आले. एप्रिलमध्ये ‘रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स’ खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की प्रचलित मशीन लर्निंग नव्या प्रकारच्या डेटावर नुसते चालवून पेटंट मिळणार नाही. सप्टेंबरमध्ये पेटंट कार्यालयाच्या अपील पुनर्विलोकन मंडळाने ‘एक्स पार्टे देजार्दिन’ प्रकरणात वेगळी बाजू उचलून धरली. त्या दाव्यांतले मॉडेल नवे काम शिकताना आधीच्या कामातली कामगिरी जपत होते, आणि त्याला साठवणही कमी लागत होती. मंडळाने ‘एनफिश’चा आधार घेऊन अमूर्ततेचा आक्षेप रद्द केला. आधीचे टिकवण्याची अट दाव्यातच लिहिलेली होती, हे तिथे महत्त्वाचे ठरले.

मात्र त्याच अर्जावरचा दुसरा आक्षेप, म्हणजे आधीच्या ज्ञानावरून हे सहज सुचण्यासारखे आहे हा, मंडळाने तसाच राहू दिला. २०२३ पासून पेटंटांच्या वर्गीकरणात क्वांटाइझ्ड, विरळ आणि आकुंचित नेटवर्कसाठी एक स्वतंत्र उपगट आहे. तिथून सुरू झालेला शोध १९८९ च्या त्या निबंधापर्यंत सहज मागे जातो.